मागून आणलेली हरणी

जोतिबाच्या डोंगराखाली खोतवाडी आहे, आणि खोतवाडीत तानाबाईच्या घराएवढं देणारं दुसरं घर नाही. पण देताना ती जी उलटतपासणी घेते, ती घेणाऱ्याच्या आठवडाभर लक्षात राहते. कुणाची नवी सून वाटी घेऊन दारात आली आणि "काकी, जरा साखर द्या की," म्हणाली, तर तानाबाई वाटीला हात लावायच्या आधी विचारणार, "द्या म्हंजे कशी? उसनी का तशीच?" उसनी म्हटलं की वाटी काठोकाठ भरायची, वरनं हाताने सपाट करायची. परत यायची तीही तशीच सपाट. तशीच म्हटलं तर मात्र शीग लावून द्यायची, आणि परतीचं नाव काढलं तर रागवायची.

एकदा एक पोरगी शिडी उसनी मागायला आली तेव्हा तर तानाबाई ओसरीवरनं उठूनच उभी राहिली. "शिडी उसनी? शिडी काय आमटीत घालून खाणार हायस, का खाऊन झाल्यावर दुसरी आणून देणार हायस? अगं, खपतंय ते उसनं न्यायचं. साखर, विरजण, शेंगदाणं. जे न्हेलं तेच परत यायचं हाय ते मागून न्यायचं. शिडी मागून न्हेत्यात, खोरं मागून न्हेत्यात, बैल मागून न्हेत्यात. काय?"

"मागून न्हेते, काकी."

"हां, आता उचल. आणि पायरी मोडली तर माझ्याकडं रडत यिऊ नगंस."

गाव पाठीमागं हसायचं, पण तिच्या दारात आलं की शब्द जपून वापरायचं. तिचा नवरा गणपतराव म्हणायचा, "आमच्या हिच्याकडनं मीठ न्यायचं म्हंजे कोर्टात उभं ऱ्हायल्यागत हाय." म्हणायचा तेही ती पाणी आणायला गेल्यावर.

त्या साली परतीच्या पावसानं दिवाळीपर्यंत पिच्छा सोडला नव्हता. भात पिकून आडवं झालं होतं, वाफ्यात पायाखाली चिखल पचपचत होता. तानाबाई, गणपतराव आणि सून निशिगंधा असे तिघं वाकून कापत होते. लेक पृथ्वीराज शिरोलीच्या कारखान्यात कामाला, त्याला दिवाळीलासुद्धा सुट्टी नाही. तानाबाईच्या कमरेत कळ भरली होती, विळ्याच्या मुठीनं तळहाताला फोड आला होता, आणि ती त्या फोडाशी भांडत भांडत कापत होती. बांधावर हरणी म्हैस चरत होती. तिला दाव्याची गरज नव्हती. तानाबाई एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात गेली की हरणीही बांधाबांधानं तिकडं सरकायची.

तेवढ्यात रस्त्याकडनं असा काही आवाज आला की झाडावरचे बगळे उठले. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल होती. पुढं मिशीला पीळ दिलेला विजयसिंह आणि पाठीमागं त्याचा बाप बाळासो. बाळासो म्हणजे तानाबाईचा धाकटा भाऊ, कोल्हापुरात पिढीजात म्हशींचा धंदा करणारा. भाऊबीजेला बहिणीनं यायचं, ओवाळायचं, लुगडं घेऊन परत फिरायचं, एवढाच त्यांच्यातला व्यवहार. बहिणीच्या बांधावर हा माणूस कधी आला होता ते कुणाला आठवत नव्हतं.

"आलायसा व्हय पावणं!" गणपतराव कंबर सरळ करत म्हणाला. "विळा देऊ का हातात?"

"दाजी, चेष्टा नगं. लै अडचणीत हाय." बाळासो चपला काढून बांधावरच बसला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. "आक्का, लक्ष्मीचा पाय मुरगाळला."

तानाबाईच्या हातातला विळा थांबला. लक्ष्मी ही बाळासोची पळणारी म्हैस. तिच्याखेरीज गोठ्यात होत्या त्या सगळ्या बसून रवंथ करणाऱ्या. आणि पाडवा तोंडावर आला होता.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधायचा, गळ्यात घुंगुरमाळा घालायच्या आणि मालकानं गाडीवरनं हाक मारत पुढं जायचं. मागनं म्हैस चौखूर सुटते ती थेट पंचगंगेच्या घाटापर्यंत. बाळासोच्या गल्लीत रीत अशी, की पहिली म्हैस त्याच्याच दारातनं सुटायची. आजापासनं चालत आलेला मान होता. हलगी थांबायच्या आत दारातनं म्हैस सुटली नाही, तर मान समोरच्या दारात जायचा, हंबीररावाकडे. आणि गेला की गेला.

"तुझी हरणी दे," बाळासो म्हणाला. "पाडव्यापुरती. लक्ष्मीच्याच कुळीतली हाय ती. आबांनी तुला आंदण दिल्याल्या म्हशीची नात. रक्तातच पळणं हाय."

"गल्लीतल्या कुणाची घे की," गणपतराव म्हणाला. त्याला सकाळ-संध्याकाळचं दूध दिसत होतं.

"आणि मग तोंड कुठं दाखवू, दाजी? त्यापरास मान गेल्याला बरा." बाळासो बहिणीकडं वळला. "आक्का, उसनी दे."

निशिगंधानं पदराआड हसू दाबलं. आता सासूबाई मामांची शाळा घेणार हे तिला दिसत होतं. पण तानाबाईचं ध्यानच नव्हतं. तिच्या छातीत हलगी वाजायला लागली होती. हरणी! कोल्हापूरच्या रस्त्यावर, मोरपिसं लावून, सगळ्यांच्या पुढं! लहानपणी तानाबाई स्वतः वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, म्हशींपुढं नदीपर्यंत अनवाणी पळायची. फ्रॉक घालून, वेण्या उडवत, हाका मारत. ती लुगडं नेसायला लागली तसे आबा एक दिवस म्हणाले, "आता पुरं." तेव्हापासनं पाडवा तिनं माडीच्या खिडकीतनं बघितला. लग्न झाल्यावर तोही सुटला. आबांवर तिचा फार जीव होता, पण त्या एका शब्दाचा राग तिच्या मनातनं गेला नव्हता.

"उसनी न्हवं," ती भानावर येऊन म्हणाली. "म्हस उसनी देत न्हाईत. मागून न्हे. भाऊबीजेदिवशी हीच म्हस, ह्याच दाव्यानं, ह्याच दारात. बोल."

"बोललो."

"आणि आदी हातात विळा घे. एवढी पात कापून झाली की टेम्पो बोलावू."

बाळासोनं बोटाला चिरा पाडून घेत पात कापली. शहरातल्या माणसाची कंबर, दर चार हातांवर उभा राहून तो आभाळाकडं बघायचा. विजयसिंहानं त्याचा व्हिडिओ काढला, आणि बापाच्या शिव्या खाल्ल्या.

हरणी टेम्पोत चढेना. पुढनं दावं ओढलं, मागनं ढकललं, पेंडीचं घमेलं दाखवलं. तिनं पुढचे पाय जमिनीत रोवले ते रोवलेच. शेवटी तानाबाई लुगडं खोचून स्वतः टेम्पोत चढली. "हौंऽऽ हरणेऽऽ, ये माजे बाय!" म्हणाली मात्र, हरणी टुणकन वर. तानाबाई बाजूनं खाली उतरली, विजयसिंहानं मागचा फळका लावला आणि टेम्पो हलला. वळणापर्यंत हरणी ओरडत होती. "बघितलंसा का कशी चढली! आता कोल्हापूर हालवती का न्हाय बघा," असं सगळ्यांना सांगत तानाबाई हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती.

"म्हस दिलीस, बरं केलंस," गणपतराव रिकाम्या दावणीकडं बघत म्हणाला. "च्या कशाचा करायचा ते बी सांग."

"शालूबाईच्या... न्हाय, ती तर कोल्हापुरात. शेजारनं दूध आण की उसनं," तानाबाई म्हणाली. हंबीररावाची बायको शालूबाई ही तिची लहानपणची मैत्रीण. बाळासो आल्यापासनं तिचं मन त्या गल्लीतच फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी वाफ्यातच फोन आला. विजयसिंह होता. "आत्ती, हरणीनं पान्हा चोरलाय. एक थेंब देईना. आणि जागची हालंना. काय करू?"

"तू जवळ गेलतास काय? मिशीला भ्याली असंल. माझं एक जुनं लुगडं न्हे. ते गुंडाळून बस धारंला."

निशिगंधा स्कूटरवरनं शेणाच्या वासाचं लुगडं पोचवून आली आणि संध्याकाळी सगळ्या घराला फोनवरचा फोटो दाखवत सुटली. मिशीला पीळ, डोक्यावर पदर आणि गुडघ्यात बादली धरून बसलेला विजयसिंह! गणपतराव इतका हसला की त्याला ठसका लागला. पण दूध मिळालं होतं. लुगड्याला हरणी फसली.

पळायला मात्र फसेना. लुगडं नेसून विजयसिंह मोटारसायकलवर बसला, गाडी फाडफाड वाजली, हरणीनं एकदा बघितलं आणि शेपटीनं माशी मारली. पुन्हा फोन आला. "आत्ती, तुझी हाक पाठीव. रेकॉर्ड करून."

आता ही काय नवीन तऱ्हा, असं म्हणत तानाबाईनं निशिगंधाच्या फोनपुढं तोंड नेलं आणि अशी हाक मारली की शेजारच्या वाफ्यातली बाई दचकून म्हणाली, "काय झालं गं?" विजयसिंहानं ती हाक मोठ्या स्पीकरवर लावली. अन् काय सांगावं! हरणी उठली, कान टवकारले, हिसक्यानं दावं सोडवलं आणि थेट स्पीकरवर धावली. आख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पण स्पीकरजवळ जाऊन हरणीनं त्याच्या मागं बघितलं, पुढं बघितलं, तानाबाई कुठंच नाही. मग तिनं शिंगानं स्पीकर आडवा केला. दुसऱ्यांदा ती हाक वाजवली तेव्हा तिनं कानसुद्धा हलवला नाही.

"फसवलासा न्हवं तिला," तानाबाई फोनवर म्हणाली. "आता ती तुमचं काय बी खरं मानणार न्हाय."

शेवटी बाळासोनं स्वतः फोन केला. आवाज मऊ होता. "आक्का, पाडव्याला सकाळी ये. तू गोठ्यात उभी ऱ्हा, आतनं हाक मार. विजू पुढं गाडीवर असंल. तेवढं केलंस तर..."

"आतनं व्हय?"

"मग काय रस्त्यावर यिऊन मारणार हायस?"

रात्री तानाबाईला नीट झोप आली नाही. सकाळी तोंड धुऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती निशिगंधाच्या मागं स्कूटरवर बसली. स्कूटर बॅटरीवरची, चालली तरी आवाज नाही. गणपतराव दारात उभा राहून म्हणाला, "म्हस घेऊन ये म्हंजे झालं. तिकडंच खिडकीत बसून ऱ्हाऊ नगंस." त्याला सगळं कळत होतं. बोलत फक्त कमी होता.

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. घराघरापुढं रांगोळ्या, गॅलरीत बायकापोरं, हलगी आणि घुमक्यानं कान बधिर झालेले. हंबीररावाच्या दारात दोन म्हशी नटून उभ्या होत्या, शिंगांना लाल-पिवळा रंग, पायात घुंगरं. हंबीरराव गोऱ्या टकलावर हात फिरवत समोरच्या दारावर नजर ठेवून होता. शालूबाईनं धावत येऊन तानाबाईच्या गळ्यात हात टाकले.

"ताने! किती दिसांनी गं! आणि बाळूनं म्हस काय घेतलीया! चंदगडाकडनं घेतली म्हणं. लै शोधून शोधून घेतली म्हणं."

"घेतली?" तानाबाई म्हणाली.

"मग! गल्लीभर सांगतूय की."

तानाबाई गोठ्यात गेली. हरणीनं तिला बघितलं आणि असा हंबरडा फोडला की तानाबाईचा जीव पाणी पाणी झाला. हरणी नवरीगत नटली होती. तुरा, माळा, तेल लावून चकचकीत केलेलं अंग. आणि त्या अंगावर, कुशीला, पांढऱ्या रंगानं हातभर अक्षरात लिहिलं होतं: बाळासो.

तानाबाईनं दाव्याला हात घातला आणि गाठ सोडायला लागली.

"आक्का, काय करतीस?" बाळासो आत आला.

"म्हस घेऊन चालले. मागून न्हेली हुतीस. घेतली न्हवतीस."

बाळासोनं दार लोटलं. "हळू बोल. गल्लीत काय सांगू मी? म्हशीवाल्याच्या घरात म्हस न्हाय, म्हणून बहिणीच्या दारात हात पसरला, असं सांगू?"

"पसरलास न्हवं?"

"पसरला! पर सांगू कसा? हंबीररावाला सांगू? उद्या पानपट्टीवर पोरं सुदीक हसतील."

"माझ्या घरात सहा-सहा कुटुंबांच्या वाट्या येत्यात, बाळू. कुणाचं नाक कापलं जात न्हाय. मागून आणलं म्हणायला काय जीभ झडती? पर दुसऱ्याची वस्तू घेतली म्हणायची, तिच्यावर आपलं नाव घालायचं... ह्याला काय म्हणत्यात माहीत हाय न्हवं?"

बाहेर हलगीचा ताल बदलला. चढता ताल होता. पहिली म्हैस सोडायची वेळ झाली, हे त्या तालानं सगळ्या गल्लीला कळतं. तानाबाईलाही कळलं. रागानं थरथरणारे तिचे पाय तालावर थरथरायला लागले. हरणीचं दावं तिच्या हातात होतं, मागच्या दारानं गेली असती तर कुणी अडवलं नसतं. पण आबांचं दार होतं हे. ह्याच दारातनं ती वेण्या उडवत पळाली होती. ह्या दाराचा मान हंबीररावाकडं जावा असं तिला वाटेना, आणि हरणीवर दुसऱ्याचं नाव राहावं असंही वाटेना.

"तू आतनं हाक मार, आक्का. एवढी येळ भागीव," बाळासो म्हणाला.

तिनं दावं सोडून दिलं, लोटलेलं दार अर्धं उघडलं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. "बघ मग. हौंऽऽ हरणेऽऽ!"

बाहेर विजयसिंहाची गाडी कडकडली. हरणीनं दाराकडं पाठ केली आणि सरळ कोपऱ्यात तानाबाईकडं आली. तिच्या खांद्यावर तोंड ठेवून उभी राहिली. दारात जमलेली पोरं खो खो हसली.

"म्हस माणसामागं जाती रे बाळू, आवाजामागं न्हाय. मी आत असले तर ती आत येणार."

"मग?"

"मी पुढं बसते. निशिगंधा गाडी चालवंल."

"बायका म्हशी पळवत्यात व्हय? आक्का, अख्खं कोल्हापूर बघायला आलंय. गल्ली हसंल!"

"हसू द्या की, आप्पा!" विजयसिंह गाडी बंद करून आत आला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मी लुगडं नेसून फिरलोय गल्लीत. आता आपल्या घरावर हसायचं काय शिल्लक ऱ्हायलंय? हलगी थांबायला लागली तिकडं!"

खरंच थांबायला लागली होती. समोर हंबीररावानं आपल्या गाडीवर टांग टाकली होती.

"आक्का..." बाळासो म्हणाला.

"काय?" तानाबाई हलली नाही. "म्हस मागितलीस, दिली. लुगडं लागलं, दिलं. आवाज मागितला, तो बी दिला. मला कुणी मागितलंच न्हाय अजून. मी काय त्या दाव्याबरुबर फुकट आल्ये व्हय? मला माग."

बाळासो पन्नाशी उलटलेला माणूस, चारचौघांत आवाज चढवून बोलणारा, पण हे त्याला जड गेलं. मागं पोरं ऐकत होती, दारात शालूबाई ऐकत होती.

"आक्का, तू पुढं हो," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. तू पळीव."

"पळीवते. पर माझी म्हस म्हणून पळीवते. घाटावर कुणी इचारलं तर काय सांगायचं ते तू ठरीव."

बाळासोनं दार दोन्ही हातांनी सताड उघडलं.

निशिगंधानं ओढणी कमरेला बांधली आणि स्कूटर दारात आणली. तानाबाई मागं बसली, ती उलटी! स्कूटरच्या पाठीमागं तोंड करून, हरणीकडं बघत, मागच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून.

"आई, पडाल! सरळ बसा की!"

"तू नुस्तं पुढं बघ. मी मागं बघते. सोड गाडी!"

हलगीवाल्याचा हात शेवटच्या ठोक्याला वर गेला होता. तेवढ्यात तानाबाईनं छाती भरून हाक मारली. "हौंऽऽ हरणेऽऽ! ये माजे बाय! येऽऽ!"

हरणी दारातनं सुटली ती अशी सुटली की उंबऱ्याजवळची पणती उडाली. एकच गिल्ला झाला. "सुटलीऽऽ! सुटलीऽऽ!" हलगीवाल्यानं वर गेलेला हात खाली आणला तो दुप्पट जोरानं. बॅटरीच्या स्कूटरला आवाज नाही, त्यामुळं गल्लीत ऐकू येत होती ती फक्त घुंगरं, खूर आणि तानाबाईची हाक. गॅलरीतल्या बायका आधी तोंडावर हात ठेवून बघत होत्या. मग एकीनं आरोळी ठोकली, आणि मग सगळ्याच ठोकायला लागल्या.

"आई, किती जवळ हाय?"

"तुझ्या मानंवर तिचा श्वास लागंल एवढी! पळीव, पळीव!"

तानाबाईचा पदर सुटला, अंबाडा सुटला, तिला कशाचं भान नव्हतं. समोर हरणीचं काळंभोर तोंड, नाकपुड्या फुललेल्या, मोरपिसांचा तुरा वाऱ्यानं मागं पडलेला, आणि ते मोठे मोठे डोळे नुसते तिच्यावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं शिट्ट्या मारत होती. कुणीतरी ओरडलं, "आज्जीऽऽ, नाद खुळा!" तानाबाई हसली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण लहानपणी हसायचो तसं हसतोय. आबांवरचा तो जुना राग त्या रस्त्यावर कुठंतरी गळून पडला. वळणावर हरणी चिखलात सरकली, लोकांनी "अरं अरं" केलं, पण ती सावरली आणि आणखी जोरात आली. मागनं हंबीररावाच्या म्हशी, त्यामागं सगळी गल्ली.

पंचगंगेच्या घाटावर निशिगंधानं ब्रेक दाबला आणि तानाबाई उतरली ती सरळ खालीच बसली. हरणी धापा टाकत तिच्या डोक्याशी उभी राहिली आणि तिचे केस चाटायला लागली. निशिगंधा एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. "आई, आपण पयले! आई, आपण पयले!"

रीत अशी की पहिल्या म्हशीच्या मालकाला गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्यानं फेटा बांधायचा. वडीलधारा यंदा हंबीररावच. तो गाडीवरनं उतरला, फेटा हातात घेतला. बाळासो धावतपळत येऊन पोचला होता, घामाघूम. सवयीनं त्यानं केसांवरनं हात फिरवला आणि डोकं पुढं केलं.

हंबीररावानं फेटा उघडला, हरणीच्या कुशीवरचं नाव वाचलं, मग खाली बसलेल्या तानाबाईकडं बघितलं. म्हातारा मुरलेला होता. "बाळासो, इचारलं पायजे बाबा. ही म्हस तुझीच न्हवं?"

तानाबाईनं मान वर केली नाही. हा 'व्हय' म्हणाला असता तर ती भांडणार नव्हती. उठून हरणीला घेऊन गेली असती आणि पुन्हा ह्या गल्लीत आली नसती, भाऊबीजेलासुद्धा.

बाळासोनं पुढं केलेलं डोकं मागं घेतलं.

"न्हाय," तो म्हणाला. आवाज बसका होता म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला. "म्हस माझी न्हाय. घेतली बी न्हाय. आमच्या आक्काची हाय. मी तिच्या बांधावर जाऊन मागून आणलीया. नाव चुकीचं घातलंय. फेटा तिला बांधा."

शालूबाईच्या टाळ्या ऐकू आल्या आणि मग सगळ्यांच्या. तानाबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही. हंबीरराव फेटा घेऊन तिच्याकडं वळला तसा तिनं हात आडवा केला.

"दादा, फेटा बाळूलाच बांधा. मान त्या दाराचा हाय, आणि दार त्याचं हाय. म्हस माझी हाय, एवढं समद्यांनी ऐकलं. मला दुसरं काय नगं."

फेटा बांधून झाला. बाळासो त्याचा शेमला सावरत हरणीजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो उगाच हरणीच्या घुंगुरमाळा नीट करत होता. मग घसा साफ करून, इकडं तिकडं बघून त्यानं बारीक आवाजात हाक मारून बघितली. "हौं... हरणे... ये माजे बाय."

हरणीनं एक कान त्याच्याकडं वळवला. बाकी ती जागची हलली नाही.

"आक्का, ही हाक शिकीव की मला."

"हाक शिकवायची नसती, बाळू. माझ्या गोठ्यात येऊन शेण काढावं लागतं, वैरण घालावी लागती, आंबोण करावं लागतं. म्हशीला वाटलं तर एक दिवस ती तुझ्या हाकंला येती."

"कवा यिऊ?"

तानाबाई उठली, लुगडं झटकलं आणि हरणीच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्याच ये की. भाऊबीज हाय. ओवाळते, आणि मग खराटा देते हातात."